आधी बोंजूर, मग बाकीचे

फ्रान्समध्ये राहायला जाणाऱ्या मराठी कुटुंबाची त्या देशाशी पहिली गाठ भाषेतून पडत नाही, थंडीतून पडत नाही, चीजच्या वासातूनही पडत नाही. ती जन्मदाखल्यातून पडते. अशा कुटुंबाचा सहज आढळणारा नमुना तुलूझ शहरात सापडतो. नैर्ऋत्य फ्रान्समध्ये गारोन नदीच्या काठी वसलेल्या आणि विटांच्या रंगामुळे 'गुलाबी शहर' म्हणवणाऱ्या या गावात एअरबसचे मुख्यालय आहे, आणि त्या धंद्याच्या आसपास भारतातून आलेले पुष्कळ अभियंते पोट भरतात. नमुन्यादाखल घ्यायचे कुटुंब चौघांचे असते: पस्तिशीचा अभियंता, तितकीच शिकलेली पण व्हिसाच्या कागदावर 'कुटुंबीय' एवढ्या एका शब्दात आटोपलेली त्याची पत्नी, सहा वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा. सामानात प्रेशर कुकर, थालीपिठाची भाजणी, गोडा मसाला, आजीच्या जुन्या लुगड्याची गोधडी आणि कागदपत्रांची एक फुगलेली फाइल असते. यांतली कोणती वस्तू कुठे उपयोगी पडेल याबद्दलचा कुटुंबाचा अंदाज पुढे साफ चुकतो.

जन्मदाखला मागणारी कार्यालये अनेक आहेत: आरोग्य विम्याचे, मुलांसाठी भत्ता देणारे, आणि प्रेफेक्त्यूर, म्हणजे परक्यांना राहण्याचा परवाना देणारी जिल्ह्याची कचेरी. दाखल्यावर भारत सरकारची 'अपॉस्टिल' मोहोर, सोबत शपथबद्ध अनुवादकाने केलेला फ्रेंच अनुवाद, एवढे सगळे जमवून अभियंता खिडकीपाशी पोहोचतो, तेव्हा त्याला विचारले जाते की दाखला तीन महिन्यांच्या आतला आहे ना. पस्तीस वर्षांपूर्वी जन्मलेल्या माणसाला हा प्रश्न थट्टेचा वाटतो. पण त्यामागे कारण आहे. फ्रान्समध्ये जन्माची नोंद ही चालू खात्यासारखी असते. तिच्या समासात पुढे लग्न, घटस्फोट आणि शेवटी मृत्यूही चढवला जातो. त्यामुळे जुनी प्रत म्हणजे शिळी प्रत. महाराष्ट्रातल्या नगरपालिकेच्या मते मात्र माणूस एकदा जन्मला की जन्मापुरते नगरपालिकेचे काम संपले. दोन देशांमधल्या या तात्त्विक मतभेदाचा निकाल खिडकीमागच्या बाईंच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर लागतो.

नावाचे प्रकरण याहून अवघड आहे. फ्रान्समधला नावाचा मूळ कायदा क्रांतिकाळातला आहे. क्रांतीच्या नव्या पंचांगाप्रमाणे वर्ष २, ६ फ्रुक्तिदोर, म्हणजे २३ ऑगस्ट १७९४ या दिवशी असे ठरले की जन्मनोंदीत असलेल्या नावाखेरीज दुसरे नाव कोणाला धारण करता येणार नाही. रोबेस्पिएरचे मुंडके उडून तेव्हा महिनाही झाला नव्हता; तशा धामधुमीतही फ्रेंचांना आडनावांची शिस्त लावायला सवड मिळाली, यावरून त्या समाजाची ओढ कशाकडे आहे ते कळते. आजही फ्रेंच स्त्री लग्नानंतर नवऱ्याचे आडनाव हवे तर वापरते, पण तिचे कायदेशीर नाव जन्माचेच राहते. आता मराठी पत्नीची फाइल उघडावी. जन्मदाखल्यावर नुसतेच 'मुलगी' असते, कारण बारशाआधीच नोंद झालेली. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचे नाव, मध्ये वडील. पासपोर्टवर सासरचे, मध्ये नवरा. आणि सासूबाई हौशी असतील तर तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेले एक चौथे नावही कुठल्यातरी बँकेच्या पासबुकात टिकून असते. या चार बायकांपैकी फ्रान्समध्ये नेमकी कोण आली आहे, हे कार्यालयाला लेखी हवे असते.

मधले नाव सगळ्यांनाच नडते. फ्रेंच अर्जात 'पहिली नावे' असा अनेकवचनी रकाना असतो, आणि वडिलांचे नाव त्यात जाऊन बसते. मुलगी त्यामुळे शाळेच्या यादीत एक स्त्रीलिंगी आणि एक पुल्लिंगी अशी दोन नावे घेऊन वावरते. शिवाय फ्रेंच लोक 'ह' चा उच्चार करत नाहीत आणि शब्दाच्या शेवटचा 'ट' बहुधा गिळतात, त्यामुळे रोहितचा 'रोई' होतो आणि हेमंतचा 'एमाँ'. दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात आपले नाव पुकारले गेले आहे हे मराठी माणसाला पुढच्या रुग्णाचे नाव पुकारल्यावर कळते.

या सगळ्यातून पार पडलेल्याला शेवटी सामाजिक सुरक्षेचा क्रमांक मिळतो. तो तेरा अंकी असून मागे दोन तपासणीचे अंक असतात. पुरुषाचा १ ने आणि स्त्रीचा २ ने सुरू होतो. मग जन्मवर्ष, जन्ममहिना, आणि त्यानंतर जन्माचा जिल्हा. फ्रान्सबाहेर जन्मलेल्यांचा जिल्हा ९९, आणि पुढे भारताचा आकडा २२३. सदाशिव पेठेत जन्मलेला आणि पलूस तालुक्यात जन्मलेला, दोघेही तिथे ९९२२३ असतात. ज्या समानतेसाठी महाराष्ट्रात शंभर वर्षे चळवळी झाल्या, ती इथे पाच अंकांत उरकते.

घर मिळवण्यासाठी बँकेचे खाते लागते, खाते उघडायला राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणून चालते ते घराच्या विजेचे बिल. हा वर्तुळाकार प्रवास पूर्वी येऊन गेलेल्या एखाद्या सहकाऱ्याच्या लेखी हमीने कुठेतरी तुटतो. घर भाड्याने 'रिकामे' घेतले तर ते खरोखरच रिकामे असते: स्वयंपाकघरात भिंतीला एक सिंक, बाकी पाइपांची तोंडे. कपाटे, शेगडी आणि कधी कधी ओटासुद्धा आधीचा भाडेकरू उचलून नेतो. ताबा घेताना घराची खोलीवार पाहणी होते आणि प्रत्येक ओरखडा, प्रत्येक खिळ्याचे भोक दोन्ही पक्षांच्या सहीने नोंदवले जाते. भिडस्त मराठी कुटुंब पहिल्या वेळी 'असू द्या हो' म्हणून सही करते आणि घर सोडताना आधीच्या भाडेकरूने पाडलेल्या भोकांचे पैसे भरते. दुसऱ्या घराच्या वेळी मात्र तेच कुटुंब बॅटरी घेऊन बेसिनखाली शिरते.

ताबा मिळाल्यावरचा पहिला मोठा प्रसंग फोडणीचा. ८ मार्च २०१५ पासून फ्रान्समधल्या प्रत्येक घरात धूरसूचक यंत्र सक्तीचे आहे. ते छताला चिकटवलेले, पांढरे, बशीएवढे असते आणि वणवा व खमंग फोडणी यांत फरक करत नाही. मोहरी तडतडली, हिंग पडले, सुकी मिरची काळवंडली की ते जे किंचाळू लागते, त्यापुढे कुकरची शिट्टी म्हणजे कुजबुज. मग नवरा स्टुलावर चढून यंत्राला टॉवेलने वारा घालतो, बायको खिडक्या उघडते, मुले टाळ्या वाजवतात, आणि समोरच्या दारातून शेजारीण डोकावते. शेजारणीची ओळख होण्याचा हाच बहुतेकांचा मार्ग आहे. तोवर महिनाभर ती जिन्यात भेटूनही बोललेली नसते, आणि त्याचे कारण कुटुंबाला माहीत नसते. कारण असे की तिला कोणी आधी 'बोंजूर' म्हटलेले नसते.

बोंजूरची गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण परक्या माणसाचे फ्रान्समध्ये जे जे अडते ते बहुतेक इथे अडते. या शब्दाचा अर्थ 'शुभ दिवस' असा पुस्तकात दिलेला असतो. व्यवहारात त्याचे काम पूजेतल्या आचमनाचे आहे. आचमनाशिवाय पुढचे उपचार जसे लागू पडत नाहीत, तसे बोंजूरशिवाय विचारलेला प्रश्न हा प्रश्न ठरत नाही. मराठी माणूस दुकानात शिरतो आणि अत्यंत नम्रपणे, पाठ केलेल्या शुद्ध वाक्यात विचारतो की दूध कुठे आहे. दुकानदारीण त्याच्याकडे पाहते आणि सावकाश म्हणते, "बोंजूर." ते उत्तर नसते, ती आठवण असते. त्याने बोंजूर म्हणायचे, तिने म्हणायचे, आणि मग दूध. बसमध्ये चढताना चालकाला, उद्वाहनात शिरताना आत उभ्या असलेल्यांना, दवाखान्यात बसलेल्या सगळ्या अनोळखी रुग्णांना सामुदायिक, असे त्याचे स्थानपरत्वे विधी आहेत. एकाच दिवशी तोच माणूस पुन्हा भेटला तर परत बोंजूर म्हणू नये. त्याचा अर्थ पहिली भेट लक्षात राहिली नाही असा होतो. त्यासाठी 'पुन्हा बोंजूर' अशी सोय आहे. पुण्यातल्या दुकानदारांचा अनुभव असलेल्यांना हा देश ओळखीचा वाटतो. दुपारी बारा ते दोन बंद असलेली दुकाने पाहून तर काहींचे डोळे पाणावतात. पण तुलना तिथेच थांबते. पुण्यात दुकानदार गिऱ्हाइकाला आधी अभिवादन करायला लावत नाही. तो आलेलेच मानत नाही.

'तू' आणि 'तुम्ही' हा फ्रेंचमधला भेद इंग्रजी बोलणाऱ्यांना छळतो, मराठी माणसाला तो आईच्या दुधाबरोबर मिळालेला असतो. फरक तपशिलाचा. बालवाडीतली पोरे बाईंना बिनधास्त 'तू' म्हणतात आणि मराठी आई शरमेने लाल होते. देवाला 'तू' म्हणण्याची रीत दोन्हीकडे आहे, पण फ्रेंच कॅथलिकांनी त्यांच्या मुख्य प्रार्थनेत ती १९६६ मध्ये आणली. तोवर परमेश्वराशी अहोजाहो चालत असे. विठोबाला अरेतुरे करत वाढलेल्यांना हे कळल्यावर आपण कशात तरी पुढे होतो असे प्रथमच वाटते.

जी भाषा ॲपवर शिकून येतात ती पॅरिसची असते, आणि तुलूझची बोली निराळी. पावाला पॅरिसमध्ये नाकातून 'पँ' म्हणतात. तुलूझमध्ये तो 'पेंग' होतो, शेवटचा अनुस्वार घंटेसारखा वाजतो. मेट्रोत स्थानकांची नावे फ्रेंचबरोबर ओक्सितान या जुन्या प्रादेशिक भाषेतही पुकारतात. नवागताला वाटते की पहिले वाक्य कळले नाही म्हणून सोपे करून पुन्हा सांगत आहेत. चॉकलेट भरलेल्या चौकोनी पेस्ट्रीचे नाव हा तर सीमाप्रश्न आहे. उर्वरित फ्रान्समध्ये ती 'पँ ओ शोकोला', नैर्ऋत्येत 'शोकोलातीन'. २०१८ मध्ये दहा खासदारांनी 'शोकोलातीन' या नावाला प्रतिष्ठा मिळावी म्हणून संसदेत दुरुस्ती मांडली. ती फेटाळली गेली. बेळगावच्या प्रश्नावर ठराव करत आलेल्या समाजाला यात हसण्यासारखे काही दिसत नाही, आणि सहा वर्षांची मुलगी पहिल्याच आठवड्यात तुलूझच्या बाजूने उभी राहते.

आकडे हा स्वतंत्र अध्याय. एकोणसत्तरपर्यंत फ्रेंच आकडे सरळ चालतात आणि मग एकदम वाट सोडतात. सत्तर म्हणजे 'साठ-दहा', ऐंशी म्हणजे 'चार-वीस', नव्याण्णव म्हणजे 'चार-वीस-एकोणीस'. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडच्या फ्रेंच बोलणाऱ्यांनी सत्तर आणि नव्वदसाठी साधे शब्द ठेवले आहेत. फ्रान्सने ठेवले नाहीत. त्यातून फ्रान्समध्ये दूरध्वनी क्रमांक दोनदोन अंकांच्या जोड्यांत सांगतात. समोरचा 'चार-वीस-एकोणीस' म्हणतो, अभियंता आधी ४ लिहितो, खोडून ८० लिहितो, तेही खोडून ९९ लिहितो, तोवर समोरच्याच्या आणखी दोन जोड्या सांगून झालेल्या असतात. विमानाच्या पंखावरचा भार दशांशात काढणारा माणूस प्लंबरचा नंबर लिहून घेऊ शकत नाही, हे दृश्य त्याच्या पत्नीला बरेच दिवस पुरते.

वास्तविक या बाबतीत मराठीने तक्रार करू नये. शून्य ते शंभरमधला प्रत्येक आकडा वेगळा पाठ करायला लावणाऱ्या भाषांत तिची गणना होते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीने 'वीस एक' असे सुटसुटीत वाचन आले, तेव्हा महाराष्ट्रात जे वादळ उठले ते फ्रेंचांना नीट समजले असते; अवघडपणा हा वारसा असतो आणि तो सोपा करणारा घरभेदी. विसांच्या हिशेबाचे म्हणाल तर तो दोन्हीकडे जुना आहे. पॅरिसमधले डोळ्यांचे एक प्रसिद्ध रुग्णालय आजही 'पंधरा-वीस' या नावाने चालते, कारण तेराव्या शतकात नवव्या लुईने ते तीनशे अंधांसाठी स्थापले. महाराष्ट्राच्या खेड्यांतही जुन्या बायका शेणी, अंडी, पेंढ्या विसांनीच मोजत: दोन विसा, तीन विसा. शिकलेल्या पिढीने ती रीत अडाणी म्हणून टाकली आणि पुढे पैसे भरून फ्रेंचच्या वर्गात शिकायला घेतली.

मुलांची शाळा तिसऱ्या वर्षापासून सक्तीची आहे. १८८२ च्या कायद्याने शिक्षण सहाव्या वर्षापासून सक्तीचे केले होते, २०१९ मध्ये ते वय तीनवर आणले. त्यामुळे कुटुंबातला सर्वांत लहान सदस्य, ज्याला अजून चड्डीची बटणेही लावता येत नाहीत, तो कायद्याने बांधलेला विद्यार्थी म्हणून सप्टेंबरच्या सुरुवातीला फाटकाशी उभा केला जातो. शाळेने आधी दिलेल्या यादीत चपला, कपड्यांचा जादा जोड, नावाच्या चिठ्ठ्या आणि 'दूदू' अशी नोंद असते. दूदू म्हणजे दूध नव्हे, जरी पहिल्या दिवशी काही मराठी घरांतून बाटली गेल्याची उदाहरणे आहेत. दूदू म्हणजे मूल ज्याला बिलगून झोपते ते मळके, चोखलेले, कान तुटलेले कापडी सशासारखे काहीतरी. फ्रेंच मुलाचे दूदू हरवले तर अख्खे घर हातातले काम टाकून ते शोधते. मराठी मुलाकडे असे काही नसते, कारण त्याच्याकडे आई असते. शेवटी लुगड्याच्या गोधडीचा एक कोपरा कापून दिला जातो, आणि आजीचे नऊवार तुलूझच्या बालवाडीत दुपारच्या झोपेच्या खाटेवर आपले काम चालू ठेवते. त्या फुगलेल्या सामानातली खऱ्या अर्थाने कामी आलेली पहिली वस्तू हीच.

आठवड्याच्या मध्यात बुधवारी शाळा कुठे पूर्ण बंद असते, कुठे सकाळपुरतीच भरते. मुळात धर्मशिक्षण शाळेबाहेर व्हावे म्हणून एक वार मोकळा ठेवला गेला. तो आधी गुरुवार होता, १९७२ मध्ये बुधवार झाला. धर्मशिक्षण बहुतेकांचे मागे पडले, बुधवार राहिला, आणि नोकरी करणाऱ्या आईबापांनी त्या दिवशी मुलांचे काय करायचे हा प्रश्न प्रजासत्ताकाने ज्याच्या त्याच्यावर सोपवला. साधारण सहासात आठवड्यांच्या शाळेनंतर दोन आठवड्यांची सुट्टी हेही तसेच. भारतात असताना सुट्टी म्हणजे आजोळ असे साधे उत्तर होते. इथे सुट्टी म्हणजे गाडी भाड्याने घेऊन कुठेतरी जाणे, आणि मराठी कुटुंब एकदा तरी मार्सेयला जातेच. बंदर दिसताच वडिलांचा आवाज बदलतो. ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी 'मोरिया' बोटीच्या गवाक्षातून इथल्या पाण्यात उडी टाकली, पोहत किनारा गाठला, फ्रेंच भूमीवर पाय ठेवला आणि तरी त्यांना परत ब्रिटिश पहाऱ्याच्या हवाली केले गेले. पुढे हे प्रकरण हेगच्या लवादापर्यंत गेले. मुलगी मन लावून ऐकते आणि विचारते, त्यांच्याकडे राहण्याचा परवाना नव्हता का? लवादाने १९११ मध्ये दिलेल्या निकालापेक्षा हा प्रश्न मुद्द्याच्या जवळ जाणारा आहे, पण वडील आइस्क्रीम आणायला जातात.

शाळेत जेवण चार टप्प्यांचे मिळते: आधी कच्च्या भाजीसारखे काही, मग मुख्य पदार्थ, मग चीज, मग गोड. २०११ च्या एका सरकारी आदेशाने केचप आणि मेयोनेज मुलांच्या हाती मोकळे सोडायला बंदी आहे. पाणी आणि पाव मात्र हवा तेवढा. २०१८ च्या कायद्यानंतर आठवड्यातून एकदा शाकाहारी जेवणही आले. उरलेल्या दिवशी शाकाहाराची व्याख्या समजावत बसावे लागते, कारण फ्रान्समध्ये मांस म्हणजे तुकडा. डुकराच्या चरबट मांसाचे बारीक काप हे बऱ्याच लोकांच्या लेखी केवळ चव असते, मराठी घरात जशी आमटीत चिंच. घरचे बोंबील खाणारे आणि शनिवार पाळणारे कुटुंब असले तर प्रकरण आणखी नाजूक होते, कारण 'मासे चालतात, पण शनिवारी नाही' याचे फ्रेंच भाषांतर अजून कोणाला साधलेले नाही.

मोठ्यांच्या जेवणात हाच क्रम अधिक गंभीरपणे पाळला जातो. फ्रेंचांचे सणासमारंभाचे जेवण २०१० मध्ये युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेले, त्यात पदार्थांइतकाच त्यांचा अनुक्रम महत्त्वाचा मानला आहे. मराठी ताटालाही कडक व्यवस्था असते, पण ती जागेची: डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर; उजवीकडे भाजी, आमटी; मध्ये भाताची मूद. सगळे एकदम समोर, आणि श्रीखंड जेवणाच्या मध्यावर पुरीशी. फ्रेंचांची व्यवस्था काळाची. त्यांना मराठी घरी जेवायला बोलावले की ते ताटाकडे पाहून गोंधळतात आणि मग शिस्तीने एकेक वाटी संपवू लागतात: आधी सगळी कोशिंबीर, मग सगळी आमटी, मग नुसती चटणी. चटणीपाशी गृहिणीला हस्तक्षेप करावा लागतो. गंमत अशी की सगळे पदार्थ एकदम मांडण्याच्या पद्धतीला युरोपात 'फ्रेंच वाढप' असेच नाव होते. एकामागून एक वाढण्याची रीत 'रशियन वाढप' म्हणून एकोणिसाव्या शतकात तिथे रुजली. म्हणजे जुन्या फ्रेंच शिस्तीत जेवायचे तर तुलूझमधल्या मराठी घरीच जावे.

बोलावण्याची वेळही शिकावी लागते. साडेसातला बोलावले असेल तर साडेसातला जाणे हा यजमानावर अन्याय आहे, तो अजून आंघोळीत असतो. पाऊण तास उशीर हा अपमान. पावणेआठ ही बरोबर वेळ. या पाव तासाला खुद्द 'तुलूझचा पाव तास' असे नाव आहे. मराठी माणूस सवयीने दोन्ही चुका करतो, आधी पहिली, मग घाबरून दुसरी. गेल्यावर गालाला गाल लावण्याचा विधी असतो. कुठे दोनदा, कुठे तीनदा, कुठे चारदा, आणि कोणत्या गालापासून सुरुवात हेही गावानुसार बदलते. सासरच्या सगळ्यांना एका दमात वाकून नमस्कार करण्याचा सराव असलेली पत्नी यातून सुटते. नवरा हात जोडून दाराशी उभा राहतो, आणि यजमानांना वाटते की तो योगासने शिकवतो.

औषधपाण्याबद्दल थोडे. मुलाला ताप आला की डॉक्टर पॅरासिटामोल लिहून देतात, पण ते गुदद्वारातून द्यायच्या वडीच्या रूपात असण्याचा पुरेपूर संभव असतो. घरी येऊन सूचनापत्रिका शब्दकोशासह वाचेपर्यंत आईबापांच्या हे ध्यानात येत नाही. त्यानंतर मुलाचा ताप, फ्रेंच औषधशास्त्राच्या धाकाने असेल, बहुधा आपोआप उतरू लागतो. औषधाच्या दुकानात रानातून वेचून आणलेली अळंबी दाखवून खाण्याजोगी आहेत का ते विचारण्याची जुनी रीतही आहे. मराठी कुटुंब अळंबी वेचायला जात नाही, पण शेजारीण घेऊन येते आणि तेव्हा हे ज्ञान फार मोलाचे ठरते.

सणांची अदलाबदल त्या मानाने सोपी जाते. २ फेब्रुवारीला फ्रान्समध्ये क्रेप करण्याचा दिवस असतो. एका हातात नाणे धरून दुसऱ्या हाताने तवा उडवून क्रेप उलटली तर वर्षभर पैशाला तोटा नाही म्हणतात. क्रेप म्हणजे कोकणी घावनाची मैद्यातली चुलतबहीण, हे ओळखायला मालवणच्या गृहिणीला एक नजर पुरते. तवा कसा पुसावा हे ती शेजारणीलाच दाखवते, कांदा अर्धा कापून. जानेवारीत येणाऱ्या 'राजांच्या पोळी'त लपवलेला छोटा पुतळा ज्याला सापडेल तो राजा. घरातले सर्वांत लहान मूल टेबलाखाली बसून कोणता तुकडा कोणाला ते सांगते, म्हणजे वशिल्याला जागा राहू नये. तीन वर्षांचा मुलगा टेबलाखालून दरवर्षी स्वतःचेच नाव दोनदा घेतो.

मुले फ्रेंच कशी होतात याची तारीख सांगता येत नाही. साधारण दिवाळीपर्यंत मुलगी शाळेत गप्प असते, आणि होळीपर्यंत आईचा 'र' सुधारू लागते. मग लिंगाचे प्रश्न येतात. मराठीत तीन लिंगे, फ्रेंचमध्ये दोन, आणि त्यांची वाटणी जुळत नाही: समुद्र तिकडे बाई आहे, सूर्य पुरुष आहे, पण चंद्र स्त्रीलिंगी. गच्चीत उभे राहून चांदोबाला हाक मारणाऱ्या आजोबांना व्हिडिओवर धाकटा सांगतो की तो मामा नसून मामी आहे. आजोबा हे ऐकून घेतात, कारण नातू निदान मराठीत बोलला.

पहिल्या किंवा दुसऱ्या उन्हाळ्यात आजी येते. तिच्यासाठी नगरपालिकेतून यजमानपत्र काढावे लागते, घराचे क्षेत्रफळ दाखवावे लागते, आणि अर्थात तिचा जन्मदाखला कोणी मागू नये म्हणून सगळे मनातल्या मनात नवस बोलतात. तो मुळातच नाही. आजीला फ्रेंच येत नाही आणि इंग्रजी येत असल्याचे तिने कधी कबूल केलेले नाही. पण उंबरा ओलांडला की आधी समोरच्याला नमस्कार, मग चौकशी, मग काम, हा क्रम तिला कोणी शिकवावा लागत नाही; शब्द तेवढा बदलून घ्यावा लागतो. तिसऱ्या दिवसापासून जिन्यातले सगळे तिला ओळखतात. जी शेजारीण सुनेशी महिनाभर बोलली नव्हती ती सासूशी दारात अर्धा अर्धा तास बोलते, दोघी आपापल्या भाषेत.

सकाळी पाव आणायला आजी आपल्या अभियंता मुलाबरोबर कोपऱ्यावरच्या बेकरीत जाते. ती बोंजूर म्हणते, बेकरीवाली म्हणते. आजी बोटाने एक मोठा पाव दाखवते. बेकरीवाली किंमत सांगते: एक युरो चार-वीस. मुलगा नेहमीप्रमाणे मनात ४ लिहून खोडण्याच्या बेतात असतो. "काय म्हणाली?" आजी विचारते. तो शब्दाला शब्द लावून सांगतो: एक युरो आणि चार वीस. आजी कनवटीची पिशवी सोडते, एक युरोचे नाणे काउंटरवर ठेवते आणि त्याच्या शेजारी वीस सेंटची चार नाणी एकेक करून मांडते.